वेड आणि सूक्ष्मदर्शक

वेड म्हणजे पूर्वजन्मीचे पाप, अशी समजूत आपण पिढ्यान् पिढ्या बाळगली. १९०६ साली जर्मनीत ट्यूबिंगेन येथे डॉ. अल्झायमर यांनी एका मृत रुग्ण स्त्रीच्या मेंदूतील विकृती सभेपुढे मांडली : पेशींत तंतूंचा गुंता, पेशींबाहेर विजातीय द्रव्याचे साठे. सभेत त्यावर चर्चाही झाली नाही! १९१३ साली नोगुची व मूर यांना पक्षाघातासह येणाऱ्या वेडाने दगावलेल्यांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू सापडले. पुढे पेनिसिलीनने तो रोग आटोक्यात आला. छिन्नमनस्कतेची निर्विवाद खूण मात्र पेशींत सापडली नाही; आजही पेशी पाहून तिचे निदान होत नाही. म्हणून तो रुग्ण ढोंगी ठरतो काय? काचपट्टीवर पुरावा उमटेपर्यंत माणुसकी थांबवून ठेवण्याचा अधिकार कोणासही नाही, असे आम्हांस वाटते.