खळ न लागलेला कागद

जुन्या चित्रपटांची पोस्टरे जमविणाऱ्या माणसाला, "हा नाद तुम्हाला लागला कसा?" असे एकदा विचारून पाहावे. तो पोस्टराविषयी बोलतच नाही. तो आपल्या गावच्या थिएटराविषयी बोलू लागतो: तिथला गेटकीपर, मध्यंतरातली भजी, पत्र्यावर वाजणारा पाऊस, पुढच्या बाकावरून मान वर करून पाहिलेला पहिला सिनेमा. पहिले पोस्टर कुठून आले, हे त्याच्या तोंडून काढायला अर्धा तास लागतो. आणि निघते तेव्हा बहुतेकांचे उत्तर एकच असते. त्याने ते विकत घेतलेले नसते. कुणाकडून मागून आणलेले असते, उचललेले असते, नाहीतर रद्दीबरोबर घरी आलेले असते. विकत घेणे ही या छंदातली दुसरी पायरी आहे.

ह्या कागदाला मराठीत भित्तिपत्रक म्हणतात. पण शाळेत भित्तिपत्रक म्हटले की मुलांच्या कविता आणि सुविचार डोळ्यांपुढे येतात, म्हणून मी आपला लोकांच्या तोंडचा पोस्टर हाच शब्द वापरतो. मराठी शब्दात एक गोष्ट मात्र नेमकी पकडली आहे. हा कागद भिंतीसाठी जन्मतो, आणि भिंतीला लागला की मरतो. शुक्रवारी नवा खेळ लागायचा. आदल्या रात्री शिडी, ब्रश आणि खळीची बादली घेऊन माणसे निघायची आणि गेल्या आठवड्याच्या नायिकेच्या तोंडावर नवा नायक चिकटवून मोकळी व्हायची. पुढचे काम ऊन, पाऊस आणि खळीच्या लोभाने कागद ओढून खाणाऱ्या गाई करीत. ज्याने आपले काम केले ते पोस्टर असे संपले. उरले ते कामाला न लागलेले: वितरकाच्या कचेरीतले न सोडलेले गठ्ठे, थिएटरच्या माळ्यावर पडलेल्या घड्या, छापखान्याने नमुना म्हणून ठेवलेल्या प्रती. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या नाझच्या इमारतीत वितरकांच्या कचेऱ्यांची दाटी होती. कचेरी आवरली की कागद वजनावर जाई, आणि त्यातला काही फिरत फिरत चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर येऊन बसे. संग्राहक ज्याच्यावर जीव टाकतो तो कागद मुळात शिलकीतला आहे.

आपल्याकडे चित्रपटाचे आणि छापील चित्राचे नाते फार जवळचे. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळले ते छापखान्यातून. राजा रविवर्म्याचा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला होता. देवादिकांची जी रंगीत चित्रे घराघरांत गेली ती तिथल्या दगडावरून उतरलेली. फाळक्यांनी त्या छापखान्यासाठी काम केले, पुढे स्वतःचा छापखाना काढला, आणि रंगीत छपाईची विद्या व यंत्रे आणण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीला जाऊन आले. १९१३ च्या मे महिन्यात गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला तेव्हा लोकांनी पडद्यावर जे पाहिले, त्याची ओळख त्यांच्या डोळ्यांना घरच्या भिंतीवर आधीच झाली होती, असे मला वाटते.

फाळक्यांच्या मागून आले ते कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री. चुलतभाऊ आनंदराव आणि ते, दोघे मिळून नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. त्यावरून 'पेंटर' हेच आडनाव होऊन बसले. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० साली 'सैरंध्री' काढला. हा मनुष्य दिग्दर्शक खरा, पण हातातला कुंचला त्याने खाली ठेवला नाही. आपल्या चित्रांच्या जाहिरातीही तो स्वतः रंगवी. त्याच्या 'कल्याण खजिना' या १९२४ च्या मूकपटाचे पोस्टर हे भारतात शिल्लक असलेल्या सचित्र पोस्टरांत सर्वांत जुने मानतात. इथे जरा थांबले पाहिजे. चित्रपट आज पाहायला मिळत नाही. त्याचे पोस्टर मिळते. जे मुख्य होते ते गेले, आणि त्याची जाहिरात राहिली!

हा काही एकट्या बाबूरावांच्या नशिबाचा फेरा नव्हे. आपल्याकडे सुमारे १,३०० मूकपट निघाले. त्यांतले आज तुकड्यांसकट धरूनही तीसच्या आसपास उरले आहेत. त्या काळची फिल्म नायट्रेटची, लगेच पेट घेणारी. न पेटली तर कुजणारी, आणि न कुजली तर तिच्यातल्या चांदीसाठी विकली जाणारी. १४ मार्च १९३१ ला मॅजेस्टिकमध्ये लागलेला 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत सापडलेली नाही. पुण्याला १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले तोवर बरेचसे हातचे गेले होते. तिथे जन्मभर खपलेले पी. के. नायर यांची सुरुवातही मोठी बोधक आहे. केरळातल्या लहानपणी ते थिएटरातली फाटकी तिकिटे गोळा करीत! तिकिटापासून निघालेला मुलगा फिल्मच्या डब्यांपर्यंत पोचला. आणि डबेसुद्धा सुरक्षित नव्हते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, जिथे एकेकाळी प्रभात कंपनी होती त्याच आवारात आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांच्या मूळ नायट्रेट प्रती तीत जळाल्या. अशा वेळी जाहिरातीचा कागद, गाण्यांची चोपडी, थिएटरच्या काचेमागे लावायची चित्रे, यांना पुराव्याचे मोल येते. नटांची नावे, कपड्यांची तऱ्हा, छापखान्याचे गाव, एवढे तरी त्यांतून हाती लागते.

माझ्याकडे पहिले पोस्टर आले त्याला पंधराएक वर्षे झाली. शाळेच्या जुन्या उत्तरपत्रिका रद्दीत घालायला गेलो होतो. काट्याशेजारी एका पत्र्याच्या ट्रंकेत तळाला अंथरलेला जाड कागद दिसला. दुकानदार म्हणाला, "न्या की गुरुजी. पुडीला चालत नाही, शाई सुटते. पोरांच्या वह्यांना कव्हरं होतील." मागची बाजू कोरी आणि जाड, म्हणजे कव्हरांना खरोखरच फार सोयीची. पोस्टरांच्या संहारात आम्हा शाळावाल्यांचाही वाटा असणार. उलटून पाहिले तर एक तमाशापट: ढोलकीवाला, पाठमोरी वळलेली नर्तकी, कोपऱ्यात दाढीवाला पाटील आणि त्याच्या डोळ्यांत लालभडक रंग. शेजारच्या गावी तंबूतल्या सिनेमाचे मशीन चालवून म्हातारे झालेले एक ऑपरेटर राहात. त्यांच्यापुढे तो कागद पसरला. नाव वाचून त्यांनी मान हलवली, काही आठवेना. मग बोट त्या पाटलावर गेले, आणि आजोबा एकदम सांगू लागले: तिसऱ्या रिळात बैल सुटतात, पाचव्यात फिल्म नेहमी तुटायची, लोक शिट्ट्या मारायचे. तासभर बोलत होते. त्या चित्रपटाची प्रत मी अजून कुठे पाहिलेली नाही. माझ्यापुरता तो तेवढाच आहे, एक कागद आणि त्या कागदाने बोलते केलेला म्हातारा. तिथपासून मी या कागदांच्या मागे लागलो.

सगळेच असे लागतात असे नाही. अमेरिकेत थिएटरवाला पोस्टरे भाड्याने आणी आणि खेळ उतरला की परत करी. घडी घातलेले तेच कागद पुढे गावोगाव फिरत. १९६० नंतर तिथल्या कॉलेजातल्या पोरांना खोलीच्या भिंतीवर बोगार्ट हवासा वाटू लागला आणि गुदामांतल्या घड्यांना गिऱ्हाईक आले. तिथून ते लोण लिलावापर्यंत गेले. फ्रिट्झ लांगच्या १९२७ सालच्या 'मेट्रोपोलिस'च्या एका पोस्टराला २००५ साली ६,९०,००० डॉलर आले. आपल्याकडेही या शतकात लिलाव सुरू झाले, आणि ट्रंकेच्या तळाचा कागद काचेत गेला.

किंमत आली की लबाडी आलीच. मागचे छाप जुने म्हणून खपवितात. कागद चहात बुडवून पिवळा करतात. त्याहून फसवे म्हणजे खरे पण उशिराचे पोस्टर. आपल्याकडे गाजलेले चित्रपट पुन्हापुन्हा लागत, आणि दर खेपेस नवी पोस्टरे छापली जात. नाव तेच, चित्रही कधी कधी तेच. नव्याने सुरुवात करणाऱ्याने म्हणूनच चित्राआधी तळाची बारीक ओळ वाचावी, तिथे छापखान्याचे नाव असते. मग भिंग लावावे. जुन्या दगडी किंवा जस्ती पत्र्याच्या छपाईत रंगाला वाळूसारखा रवा दिसतो; पुढच्या ऑफसेटमध्ये ठिपक्यांच्या सरळ रांगा. मापही पाहावे, आपल्याकडचे नेहमीचे ३० इंच बाय ४०. आणि काही झाले तरी फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये. तिचा डिंक काही वर्षांत कागदात उतरतो आणि तपकिरी डाग पडतो तो जात नाही.

छापखान्याचे नाव तळाला असते. चित्रकाराचे मात्र पुष्कळदा नसतेच, ही गोष्ट मला डाचते. मकबूल फिदा हुसेन मुंबईला आले तेव्हा चौरस फुटाच्या हिशेबाने सिनेमाचे फलक रंगवीत. पुढे ते मोठे झाले म्हणून हे आपल्याला ठाऊक आहे. कोल्हापूरचे जी. कांबळे शांतारामबापूंच्या चित्रांसाठी रंगवीत, 'मुघल-ए-आझम'च्या जाहिरातींसाठीही त्यांचे नाव घेतात, पण महाराष्ट्रातल्या कचेऱ्याकचेऱ्यांत टांगलेली शिवछत्रपतींची तसबीर त्यांचीच हे कितीजणांना माहीत असेल? 'दीवार'चे १९७५ सालचे पोस्टर करणारे दिवाकर करकरे रंग सुरीने थापीत. त्या थापेतला राग छापील कागदावरही लपत नाही. पोस्टर छापून झाले की मूळ चित्राची कुणालाच गरज नसे. त्या चित्रांतली फारच थोडी उरली आहेत.

माझ्या तमाशापटावरही चित्रकाराचे नाव नाही. पाटलाच्या धोतराच्या सोग्याजवळ दोन अक्षरे आहेत, एक 'द' असावा, दुसरे घडीत गेले आहे. परवा शनिवारी तो कागद पुन्हा काढून खिडकीच्या उजेडात धरला होता. आमच्या चित्रकलेच्या सरांनी भिंग लावून ते दुसरे अक्षर 'भ' आहे म्हटले. मला तो 'म' वाटतो.