कुलाब्याची थंडी खांदा कॉलनीच्या दाराशी

आगमनकाळ सुरू झाला की खांदा कॉलनीतील खिडक्यांत नाताळचे तारे लागतात, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी गावाकडे अनुभवलेल्या थंडीच्या आठवणी निघतात आणि कोणीतरी वडीलधारे माणूस हमखास म्हणते, "आता पूर्वीसारखी थंडी राहिली नाही." हे विधान खरे की केवळ गतकाळाविषयीचा जिव्हाळा, हे ठरवायचे कसे? आठवण ही साक्षीदार म्हणून प्रेमळ असली, तरी काटेकोर नसते. त्यासाठी कोणीतरी रोज न चुकता तापमापकातील पारा पाहून आकडा लिहून ठेवलेला असावा लागतो. अशी माणसे आपल्या परिसरात होऊन गेली, आणि त्यांच्या कार्याचा एक वारस आज आपल्या शेजारीच उभा आहे.

मुंबईच्या कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने 1826 साली वेधशाळा स्थापन केली ती आकाशातील ग्रहगोलांचे वेध घेण्यासाठी व जहाजांना अचूक वेळ कळावी म्हणून. 1841 पासून तेथे हवामानाच्या व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी नियमित होऊ लागल्या. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार हे त्या कामाचे प्रमुख होते. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांचाही या वेधशाळेशी निकटचा संबंध आला. अलिबागजवळच्या नागाव येथे 1825 साली जन्मलेले केरो लक्ष्मण छत्रे हे तर अगदी कोवळ्या वयात तेथे साहाय्यक म्हणून रुजू झाले. पुढे पुण्यात लोकमान्य टिळकांचे गुरू म्हणून कीर्ती पावलेल्या या गणितज्ञाच्या आयुष्याचा आरंभ असा वाऱ्याच्या व पाऱ्याच्या नोंदी करण्यात गेला. आपल्या जिल्ह्याला हे भूषणावह आहे.

हवामानाचा आकडा लिहिण्याच्या या व्रताशी आपल्या धर्मपरंपरेचाही जुना संबंध आहे. टस्कनीचा ग्रँड ड्यूक दुसरा फर्डिनांड याने 1654 साली युरोपात हवामान-नोंदींचे पहिले जाळे उभारले. निरनिराळ्या गावांत एकसारखे तापमापक पाठवून तेथील नोंदी एकमेकींशी ताडून पाहाव्यात, ही त्यामागील कल्पना. या कामाची व्यवस्था लुईजी अँतिनोरी या येशूसंघीय धर्मगुरूकडे होती आणि व्हॅलोम्ब्रोझाच्या मठातील संन्यासी प्रार्थनेच्या वेळा सांभाळून दिवसातून अनेकदा तापमापक वाचीत. कोलकात्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर यूजीन लाफाँ यांनी 1867 साली गच्चीवर साधी वेधशाळा मांडली. मनिला येथील येशूसंघीय वेधशाळेतून फादर फेदेरिको फौरा यांनी 1879 साली वादळाची पूर्वसूचना दिली. घंटा झाली की उठावे, नेमलेले काम करावे आणि त्याचे फळ आपल्या हयातीत दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये, ही मठवासीयांची शिस्त हवामानशास्त्राच्या चांगली उपयोगी पडली.

कुलाब्याच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रसंग विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रॅमगाड्या येणार हे निश्चित झाले. विजेच्या प्रवाहामुळे नाजूक चुंबकीय उपकरणे बिघडलेले आकडे दाखविणार, हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी ओळखले. प्रगतीला अडविणे शक्य नव्हते आणि नोंदी खोट्या होऊ देणे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी अलिबागेला नवी चुंबकीय वेधशाळा उभारली. ती 1904 मध्ये सुरू झाली. परंतु जुनी लगेच बंद केली नाही. 1906 पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेण्यात आले, म्हणजे जुन्या व नव्या आकड्यांची सांगड घालता यावी आणि 1841 पासूनची मालिका तुटू नये. ट्रॅम 1907 साली धावू लागली, तोवर हे काम पूर्ण झाले होते.

हवामानाच्या नोंदी कुलाब्यालाच राहिल्या. चुंबकीय वेधांचा वारसा 1971 साली स्वायत्त झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थानाकडे आला. या संस्थेचे मुख्यालय आता खांदा कॉलनीपासून जवळच, नवीन पनवेलच्या सेक्टर 18 मध्ये, कळंबोलीच्या महामार्गालगत आहे. आपल्यापैकी कितीजण त्या फाटकावरून रोज जातात!

आता थंडीच्या आकड्यांकडे वळू. 22 जानेवारी 1962 रोजी सांताक्रूझला 7.4 अंश सेल्सिअस तापमान नोंदविले गेले. मुंबईचा हा नीचांक आजवर मोडलेला नाही. त्याच दिवशी कुलाब्याचा पारा मात्र 11.7 अंशांवर थांबला होता. एकच शहर, एकच पहाट, आणि फरक चार अंशांहून अधिक! कुलाबा तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेला. पाणी सावकाश निवते, म्हणून त्याच्या कुशीतील जमीनही उबदार राहते. घाटमाथ्यापलीकडे हे पांघरूण नाही. पुण्यात 17 जानेवारी 1935 रोजी पारा 1.7 अंशांपर्यंत उतरला होता, तर नाशिकला 7 जानेवारी 1945 रोजी 0.6 अंशांपर्यंत.

पनवेल या दोहोंच्या मध्ये आहे. पश्चिमेस खाडी, पूर्वेस प्रबळगड व माथेरानचे डोंगर. हिवाळ्यात आकाश निरभ्र असले की जमिनीची ऊब रात्री निसटून जाते आणि थंड, जड हवा उतारांवरून सखल भागात येऊन साठते. त्यामुळे सुमारे 800 मीटर उंचीवरील माथेरानपेक्षा पायथ्याची गावे पहाटे कित्येकदा अधिक गार असतात. याच दिवसांत भातकापणीनंतरच्या ओलीवर वाल तरारतो आणि भांबुर्ड्याच्या पाल्यात शिजलेल्या पोपटीचा वास शिवारात दरवळतो.

तेव्हा वर्तमानपत्रातील मुंबईचा आकडा हा आपल्या गल्लीचा आकडा नव्हे. सिडकोची स्थापना 1970 साली झाली आणि नंतर येथील शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. सिमेंट व डांबर दिवसा तापते आणि रात्री ती उष्णता सोडीत राहते. 8 ऑक्टोबर 2025 रोजी शेजारच्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. वडीलधाऱ्यांच्या त्या वाक्यात तथ्य असण्याचा पुष्कळ संभव आहे. परंतु आपल्या वस्तीपुरता पुरावा हवा असेल, तर तो आपणच जमविला पाहिजे. युवकांनी एक साधा तापमापक सावलीत, भिंतीपासून दूर, छातीएवढ्या उंचीवर टांगावा आणि सकाळी ठरलेल्या वेळी आकडा वहीत लिहावा. पंधरा दिवसांनी उत्साह ओसरेल. खरी कसोटी तेथून पुढे आहे.

या वहीचा आणखी एक उपयोग आहे. बंद खिडकीआड आपल्याला जी थंडी सुखद वाटते, तीच नाक्यावर कामाची वाट पाहणाऱ्या आणि पुलाखाली निजणाऱ्या माणसाला झोंबते. आकडा रोज पाहणाऱ्याला कोणत्या रात्री घोंगडी घेऊन बाहेर पडावे, हे अगोदर कळते.

दानिएलच्या ग्रंथात भट्टीत टाकलेले तीन तरुण आपल्या स्तुतिगीतात दव, हिम व थंडी यांनाही परमेश्वराची स्तुती करण्यास बोलावतात. ज्यांनी पहाटेच्या काळोखात कंदील हाती घेऊन पारा वाचला आणि जसा दिसला तसाच लिहिला, त्यांनीही आपल्या परीने त्या स्तुतीत सूर मिळविला, असेच म्हणावे लागेल.