सावित्रीवरची एक जुनी लाँच आणि तिच्या केबिनमधली पुसलेली भिंत

महाड आणि पोलादपूर म्हटले की रायगड आठवतो, चवदार तळे आठवते, आंबेनळीचा घाट आठवतो. अलीकडे पूरही आठवतो. बंदर मात्र कोणालाच आठवत नाही. आजचा हा लांबलेला धागा त्या बंदराविषयी आहे. त्याची सुरुवात मात्र एका मोडकळीला आलेल्या केबिनपासून करावी लागेल.

सावित्रीच्या खाडीकाठी एका वृद्ध गृहस्थांची लाकडी मोटार-लाँच गेली काही वर्षे काठावर ओढून ठेवलेली आहे. गावात सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही तसेच म्हणते. या हिवाळ्यात त्यांनी तिची केबिन आतून नव्याने करायला घेतली. प्रबंधासाठी जुन्या जलमार्गांची माहिती गोळा करीत असल्यामुळे दोन दिवस तेथे बसण्याची मला संधी मिळाली. मी इतिहासाची विद्यार्थिनी, सुतारकाम मला कळत नाही. पण भिंतीवरचे थर एकेक करून सोलून काढताना पाहणे हे आमच्या कामापेक्षा फार वेगळे नाही, एवढे लक्षात आले.

सर्वांत वर प्लायवूड होते, ओलीने फुगलेले. त्याखाली फिकट हिरवा तैलरंग, त्याखाली निळा, आणि अगदी तळाशी नुसत्या तेलाने काळवंडलेले सागवान. माझी समजूत अशी की बोट कुजते ती खालच्या पाण्यामुळे. चाचा हसले. "बाय, खालचं पानी नाय मारत. वरचं मारतं." खारे पाणी लाकडाला एका परीने टिकवते, कुज सुरू होते ती छपराच्या सांध्यातून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्यामुळे. मागच्या दुरुस्तीत कोणीतरी हे प्लायवूड बोटीच्या फासळ्यांवर घट्ट ठोकून बसवले होते. आत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाटच उरली नाही. लोखंडी खिळ्यांभोवती गंजाची काळी वर्तुळे आणि त्या वर्तुळांत बोटाने उकरता येईल इतके मऊ झालेले लाकूड, हे त्याचेच फळ. आता नवे अस्तर फासळ्यांपासून बोटभर अंतर सोडून, पितळी स्क्रूंनी बसवले जाणार आहे. म्हणजे मागे हवा खेळेल आणि वेळ पडल्यास फळी काढून आत पाहता येईल. पाण्याखालच्या भागाचा शत्रू वेगळा. लाकूड पोखरणारा खाऱ्या पाण्यातला किडा तो. गोड्या पाण्यात तो तग धरत नाही, म्हणून जगभरचे दर्यावर्दी आपली जहाजे अधूनमधून नदीच्या मुखातून आत, गोड्या पाण्यात नेऊन ठेवीत. भरतीचे पाणी जेथवर चढते तेथे, नदीच्या टोकाशी वसलेल्या महाडसारख्या बंदराला हा एक जास्तीचा गुण होता.

हे झाले लाकडाचे. धागा लिहावासा वाटला तो मात्र दुसऱ्याच गोष्टीमुळे. हिरवा रंग खरवडल्यावर केबिनच्या पुढच्या तिसऱ्या भागात, जमिनीपासून छपरापर्यंत, एका रेषेत बुजवलेली भोके दिसली. तेथे एकेकाळी आडवी भिंत होती. भिंतीच्या पुढे पाठ टेकायच्या बाकांच्या खुणा. मागे, इंजिनाच्या बाजूला, नुसती फळी. "पयला वर्ग," चाचा म्हणाले. लाँच त्यांनी जुनीच विकत घेतली होती, त्यामुळे हे ऐकीव. तरी खुणा त्यांच्या म्हणण्याला दुजोरा देतात.

बोटीतली खोली ही सोयीची वस्तू आहे, तशीच ती माणसे वेगळी बसविण्याची युक्तीही आहे. सावित्रीवर हा प्रकार नवा नाही.

थोडे मागे जाऊ. १७५६ साली बाणकोट इंग्रजांच्या हाती आले आणि त्याच वर्षीच्या तहाने दासगावही त्यांच्याकडे गेले. खाडीचे मुख आणि खाडीच्या आतला धक्का अशी दोन्ही टोके कंपनी सरकारला हवी होती, यावरून या पाण्याचे मोल ध्यानात यावे. १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईनंतर दुसरा बाजीराव पुण्याहून निघाला तो महाडलाच आला, आणि पुढे समुद्रमार्गे वसईला गेला. त्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी तेथे काय झाले हे शाळेत शिकवतात. पेशवा सह्याद्री उतरून महाडलाच का आला, हे शिकवत नाहीत. घाटमाथ्यावरून समुद्र गाठण्याची जी मोजकी दारे होती, त्यांतले हे एक दार होते.

पुढे १८२८ च्या सुमारास गव्हर्नर माल्कमने महाबळेश्वरला हवा खाण्याचे ठाणे वसविले आणि या दाराला उलट दिशेने वर्दळ सुरू झाली. मुंबईचे गोरे अधिकारी समुद्रमार्गे बाणकोटला येत, खाडीतून होडीने महाडकडे येत, आणि मग पालखीत बसून पोलादपूरवरून पार घाट चढत. पालखी कोणाच्या खांद्यावर असे, हे सांगायला नको. १८७६ मध्ये फिट्झगेराल्ड घाट, म्हणजे आजचा आंबेनळी, गाडीरस्ता म्हणून झाला आणि पोलादपूर नकाशावर ठळक झाले. पाण्यावर अशा साहेबांसाठी 'बंदर बोट' नावाचा प्रकार होता. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात तिची नोंद आहे: किनाऱ्यावर ये-जा करणाऱ्या, विशेषतः मीठखात्यासारख्या खात्यांच्या अंमलदारांच्या उपयोगाची, मध्यभागी केबिन असलेली शिडाची बोट. खलाशी उघड्यावर, साहेब आत. चाचांच्या लाँचमधली ती भोके या वंशावळीतली आहेत, असे म्हणायला मला हरकत वाटत नाही.

वाफेच्या बोटी आल्या तशी ही रचना मोठी झाली. वरच्या वर्गाच्या खोल्या आणि बाकीच्यांसाठी डेक. बाँबे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या चंपावती, चंद्रावती, पद्मावती अशा 'वती' नावांच्या बोटी कोकणी माणसाच्या बोलण्यात अजून आहेत. गिरणीत राबणारा कोकण याच डेकवर पथारी पसरून मुंबईला गेला. मोठी बोट खाडीच्या तोंडाशी उतारू सोडी, आणि पुढे दासगावपर्यंत लहान बोट.

आता या कथेचा गाभा. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्या परिषदेच्या उभारणीत पुढे असलेले रामचंद्र बाबाजी मोरे हे याच दासगाव परिसरातले. डिसेंबरात दुसरी परिषद ठरली. २४ डिसेंबर १९२७ ला सकाळी बाबासाहेब आणि सुमारे दोनशे प्रतिनिधी मुंबईहून निघाले ते 'पद्मावती' बोटीने. आता नकाशा पाहा. महाडला जाण्याचा जवळचा मार्ग धरमतरवरून, पुढे मोटारीने. तो सोडून लांबचा जलमार्ग का? मोटारमालकांनी बहिष्कार घातला तर धरमतरपासून महाडपर्यंतचे सारे अंतर पायी तोडावे लागले असते. दासगावला उतरल्यास फक्त पाच मैल. धनंजय कीरांच्या चरित्रात हे कारण आले आहे आणि मला ते फार महत्त्वाचे वाटते. प्रवासाचा आराखडा अंतरावर नव्हे, तर नकाराच्या शक्यतेवर बेतलेला होता. तिकिटाचे पैसे हातात असूनही वाहनात जागा मिळेल की नाही, हे आधी धरून चालावे लागे.

म्हणजे बोट समतेची होती का? तसे मानू नये. डेक आणि खोली यांची भिंत तेथेही होतीच, फक्त ती पैशाने ओलांडता येणारी होती. मोटारीच्या दारातली भिंत पैशाने ओलांडता येत नव्हती. या दोन भिंतींतला फरक बाबासाहेबांच्या त्या मार्गनिवडीत जितका स्पष्ट दिसतो तितका मला पाठ्यपुस्तकात कधी दिसला नाही.

२५ तारखेला दुपारी मंडळी दासगावला उतरली. हजारोंचा समुदाय वाट पाहत होता, पोलीसही हजर होते. तळ्याविषयी दिवाणी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम १४ डिसेंबरलाच निघाला होता. परिषदेसाठी जागा मिळेना तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. त्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा दावा उच्च न्यायालयात निकाली निघायला १७ मार्च १९३७ उजाडला. हे सारे आपणांस ठाऊक आहे. मला फक्त दासगावचा धक्का या चित्रात परत ठेवायचा होता.

एक गमतीचे विषयांतर. १९१७ च्या अंतर्देशीय स्टीम-नौका कायद्याच्या व्याख्येत वाफेबरोबर विजेवर वा इतर यांत्रिक शक्तीवर चालणारी नौकाही 'स्टीम-नौका'च ठरते. म्हणजे डिझेलचा धूर सोडणारी चाचांची लाँचसुद्धा अनेक वर्षे कायद्याच्या भाषेत आगबोट होती! याच कायद्याने सर्वेक्षणाचा दाखला बोटीत ठळक जागी लावणे बंधनकारक केले. उतारूंच्या संख्येची मर्यादा ही केवळ कागदी बाब नव्हे. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली 'रामदास' उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. माणसे एका अंगाला सरकली की बोटीचा तोल कसा जातो, हे कोकणाने तेव्हा पाहिले. चाचांनी छपरावर जाड फळ्या घालण्याचा सुताराचा सल्ला याच कारणाने फेटाळला. वजन वर चढले की बोट डुलते, आणि लवकर सावरत नाही.

मग रस्ता आला, गाळ साचत गेला, १९९३ मध्ये रेल्वे वीरपर्यंत पोहोचली आणि खाडीची गरज संपल्यासारखे झाले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड-पोलादपूर दरम्यानचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, दोन एसटी गाड्यांसह. जुलै २०२१ च्या पुरात महाड शहर बुडाले तेव्हा रस्ते पाण्याखाली असल्याने बचावपथकांना पोहोचायला उशीर झाला. एके काळी ज्या गावाच्या धक्क्याला होड्या लागत, ते गाव बाहेरून येणाऱ्या होड्यांची वाट पाहत माळ्यांवर बसून होते. चाचांच्या लाँचचे प्लायवूड फुगले तेही त्याच पुरात.

नव्या केबिनमध्ये आडवी भिंत नाही. मी कारण विचारले. काही थोर उत्तर येईल अशी माझी अपेक्षा होती. "वारा अडतो," एवढेच उत्तर मिळाले. दोन्ही अंगांना लांब बाक, त्यांच्या पोटात जीवरक्षक जाकिटे, मध्ये इंजिनाची पेटी. भोकांची रेषा असलेल्या दोन फळ्या मात्र माझ्या विनंतीवरून त्यांनी बदलल्या नाहीत. तेल लावून तशाच ठेवल्या आहेत.

कोणाच्या घरी बाणकोट-दासगाव लाँचचे जुने तिकीट, पावती किंवा छायाचित्र असल्यास कृपया कळवावे. विशेषतः तिकिटावर वर्ग छापलेला असेल तर.