विरारला वीज केव्हा आली?

श्रोतेहो, आगगाडीला उशीर झाला की आपण घड्याळ पाहतो. पण आज मी ज्या उशिराची गोष्ट सांगणार आहे, तो घड्याळावर मोजता येत नाही. तो आहे तब्बल आठ वर्षांचा.

आमच्या विरारचा रेल्वेच्या इतिहासात मोठा मान आहे. १८६७ च्या एप्रिलमध्ये बी. बी. अँड सी. आय. कंपनीने विरार ते मुंबईचे बॅक बे अशी रोज एक जाणारी व एक येणारी गाडी सुरू केली. मुंबईच्या लोकल गाडीचा जन्म तो हाच. म्हणजे रूळ आमच्याकडे लवकर आले. मागे राहिल्या त्या पुढच्या सुधारणा.

१९२५ साली जी. आय. पी. कंपनीची विजेची गाडी बोरीबंदरहून कुर्ल्याला धावली. १९२८ च्या जानेवारीत आमच्या कंपनीनेही कुलाब्यापासून वीज आणली, पण कुठवर? बोरिवलीपर्यंत! पुढे भाईंदरची खाडी, नायगाव, वसई, नालासोपारा, विरार इथे वाफेचेच इंजिन. विरारला वीज पोहोचली ती १९३६ साली.

वीज आणि वाफ यांत फरक तो काय? वाफेच्या इंजिनाला पाणी हवे, कोळसा हवा. शेवटच्या स्टेशनावर ते सोडून दुसऱ्या टोकाला जोडायला हवे. विजेच्या गाडीला दोन्ही टोकांना चालकाची जागा असते. चालक चालत पलीकडे गेला की गाडी परतीला तयार! शिवाय ती थांब्यावरून झटकन वेग घेते. ज्याच्या टोपलीत भाजी नि फुले आहेत, त्याला विचारा एका तासाची किंमत. बाजार कुणासाठी थांबत नाही.

मग कंपनी थांबली का? तारा, खांब, वीजकेंद्रे यांचा खर्च आधी करावा लागतो, आणि तो भरून निघतो पुष्कळ गाड्या धावल्या तर. हा हिशेब खोटा नव्हे, बरं का! पण तो अपुरा आहे. माणसे थोडी म्हणून गाड्या थोड्या, आणि गाड्या थोड्या म्हणून माणसे थोडी. हे चक्र प्रवाशाला फोडता येत नाही. ते कंपनीनेच फोडायचे असते.

१९४२ साली कंपनीचा कारभार सरकारकडे गेला, १९५१ साली पश्चिम रेल्वे झाली. तरी सीमेची गोष्ट संपली नाही. विरारच्या पुढे १९७० च्या दशकात वीज आली, ती वेगळ्या जातीची: पंचवीस हजार व्होल्टची. अलीकडे होती पंधराशेची. जुन्या लोकल गाड्यांना ती पुढची वीज चालेना. २०१२ साली मुंबईकडची जुनी वीज बदलून झाली, आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये लोकल डहाणूपर्यंत गेली. आधी बोरिवली ही वेस होती, मग विरार झाली. वेशीबाहेरचा माणूस मात्र वाटच पाहत राहिला.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, अमुक यंत्र कधी निघाले, हे आपण मुलांकडून पाठ करून घेतो. एक प्रश्न आणखी विचारा: ते आपल्या गावी कधी आले? या दोन सनांच्या मधली वर्षे कुणी सोसली, हाही इतिहासच आहे.