मोडलेल्या आसाचा इतिहास

इतिहास म्हटला की आपणांस लढाया आठवतात. आम्ही आज सांगणार आहोत तो इतिहास एका मोडलेल्या आसाचा आहे.

८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली; आणि डब्यांना बाहेरून कुलपे असल्यामुळे पन्नासांहून अधिक माणसे आतल्या आत जळाली. पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेला दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हिल त्यांत सहकुटुंब गेला. वापराने लोखंडाची जातच बदलते, असे तेव्हाचे जाणते म्हणत. रँकिन नावाच्या तरुण इंजिनिअराने मात्र लवकरच दाखविले की, आसाची जाडी जेथे एकाएकी बदलते, त्या कोपऱ्यातून चीर हळूहळू आत सरकते. पुढे प्रशियाच्या रेल्वेत ऑगस्ट व्होलर याने वाकविलेले आस यंत्रावर लाखो वेळा फिरवून पाहिले. १८७० पर्यंत त्याने सिद्ध केले ते असे: एकदा सहज पेलणारा बोजाही पुन्हा पुन्हा दिला की लोखंड मोडते. एका दिवसाच्या जोरावरून कस ठरत नाही, हे गिरणीकामगाराला कोणी सांगावयास नको!

पंचवीसेक वर्षांपूर्वी एका कारखान्यात क्रेनचा शाफ्ट तुटला आणि 'बोजा जास्त घातला' म्हणून चालकावर आरोपपत्र आले. आम्ही तुटका तुकडा पाहावयास मागितला. चावीच्या खाचेच्या कोपऱ्यापासून शिंपल्यावर असतात तशा वलयरेषा निघाल्या होत्या; शेवटी कडेला ताजा, खरबरीत भाग जेमतेम उरलेला. म्हणजे चीर कित्येक दिवस वाढत होती आणि बोजाही फारसा नव्हता. तसा असता तर शाफ्ट याच्या आधीच गेला असता. वाचनालयातल्या एका फाटक्या पुस्तकात ही आकृती आम्ही पाहिली होती म्हणून बरे. चालक कामावर परतला.

आता धातूची भुकटी लेसरने थरावर थर वितळवून सुटे भाग घडवितात. अशी इंधनाची नोझले २०१६ पासून प्रवासी विमानांच्या इंजिनांत आहेत. एकदाच ओढून पाहिले, तर असा भाग घडीव भागाच्या तोडीचाही ठरतो. फेऱ्यांची कसोटी वेगळी. पृष्ठभाग खरखरीत राहतो. दोन थरांमध्ये न वितळलेली चपटी, टोकदार पोकळी राहते, आणि थरांना काटकोनात ताण आला की तीच चीर होते. तापवून चोहोबाजूंनी वायूचा दाब दिला तर आतल्या पोकळ्या बहुतेक मिटतात. पृष्ठभागाशी उघडलेल्या मिटत नाहीत. जपानचे मुराकामी यांनी दोषाच्या आकारावरून आणि धातूच्या कठीणपणावरून सहनशक्तीचा अंदाज बांधण्याची रीत दिली. तिच्यात सरासरी दोषाला महत्त्व नाही, सर्वांत मोठ्या दोषाला आहे. शेजारी छापलेला जाड नमुना पास झाला, एवढ्याने पातळ भिंतीचा खरा भाग पास होत नाही.

परवा अशाच यंत्रावरचा एक मुलगा विचारीत होता, "काका, भाग तुटला तर माझ्यावर येईल का?" आम्ही त्याला म्हटले, भुकटीची, यंत्राची, थराच्या दिशेची नोंद रोजच्या रोज लिहून ठेव, आणि तुटलाच, तर दोन्ही तोंडे एकमेकांवर घासू देऊ नकोस, कोरड्या कापडात गुंडाळून ठेव.