भात्याचा जोर

कोविडच्या दुसऱ्या लाटेत मला फोनवर सतत एक प्रश्न यायचा. "डॉक्टर, व्हेंटिलेटर लावला की फुप्फुसं खराब होतात म्हणे. खरं का?" मी घाईत "नाही हो, त्यानेच तर जीव वाचतो" असं सांगून मोकळा व्हायचो. ते उत्तर अर्धंच होतं. उरलेलं अर्धं आज सांगतो, कारण ते कळायला आम्हा डॉक्टरांनाही फार वेळ लागला.

१७३२ साली स्कॉटलंडमधल्या अ‍ॅलोआ गावात विल्यम टॉसॅक नावाच्या सर्जनने, कोळशाच्या खाणीतल्या धुराने गुदमरलेल्या एका मजुराच्या तोंडात तोंडाने हवा फुंकली आणि तो मजूर जगला. या घटनेवर १७४५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे जॉन फॉदरगिल या डॉक्टरांनी एक टिपण मांडलं. तोंडाने कशाला फुंकायचं, लोहाराचा भाता वापरू या, असं सुचवणारे तेव्हाही होते. फॉदरगिल यांचं म्हणणं असं, की एका माणसाच्या छातीत जेवढा जोर असतो तेवढा दुसऱ्याचं फुप्फुस सोसू शकतं. भात्याचा जोर किती लागतोय हे मात्र कळत नाही. पुढे ऐंशी-एक वर्षांनी फ्रान्समध्ये लरॉय या सर्जनने प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं की भात्याने जोरात हवा भरली तर फुप्फुस फुटतं आणि प्राणी मरतो. भाते मागे पडले.

हवा आत ढकलण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर परत आली ती १९५२ मध्ये, कोपनहेगनच्या पोलिओच्या साथीत. ब्लेगडॅम हॉस्पिटलमध्ये श्वास बंद पडलेली मुलं रोज येत होती आणि शरीर आत ठेवून चालवायचं लोखंडी यंत्र होतं एकच. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छिद्र पाडून नळी घातली आणि रबरी फुगा हाताने दाबून श्वास द्यायला सुरुवात केली. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून, आठवडेच्या आठवडे, फुगे दाबत बसले. श्वास बंद पडलेले बहुतेक रुग्ण जिथे मरत होते, तिथे बहुतेक जगायला लागले.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. पोलिओत स्नायू गेलेले असतात, फुप्फुस चांगलं असतं. शिवाय फुगा दाबणाऱ्या पोराच्या हाताला कळतं की आत हवा जड जातेय का. नंतर ते काम मशीनकडे गेलं, आणि मशीनवर आजारी फुप्फुसंही आली.

१९६७ मध्ये डेन्व्हरच्या अ‍ॅशबॉ, पेटी आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये १२ रुग्णांचं वर्णन केलं. कुणाला अपघात, कुणाला जंतुसंसर्ग, पण शेवट सारखाच: फुप्फुसात पाणी झिरपून ती भिजलेल्या स्पंजासारखी जड झालेली. यालाच आज आपण एआरडीएस म्हणतो. त्या १२ पैकी ७ दगावले.

अशांना श्वास किती मोठा द्यायचा? निरोगी माणूस शांतपणे बसलेला असताना दर किलोमागे ६-७ मिली हवा आत घेतो. पण ऑपरेशन टेबलवर लहान श्वास दिले तर फुप्फुसाचे काही भाग मिटतात, असं १९६३ मध्ये दिसून आलं होतं. तेव्हापासून १० ते १५ मिलीचा श्वास हा रिवाज झाला. भूल दिलेल्या निरोगी फुप्फुसाचा नियम आजारी फुप्फुसालाही लागू झाला.

धोक्याची घंटा वाजली नव्हती असं नाही. १९७४ मध्ये वेब आणि टियर्नी यांनी निरोगी उंदरांना ४५ सेंटिमीटर पाण्याइतक्या दाबाने श्वास दिले. तासाभराच्या आत त्यांची फुप्फुसं पाण्याने भरली. १९८८ मध्ये पॅरिसच्या ड्रेफस यांनी उंदरांच्या छाती-पोटाला पट्टे आवळले. दाब तेवढाच, पण छाती फुगू दिली नाही. फुप्फुसं वाचली. म्हणजे दोष नुसत्या दाबाचा नव्हता, ताणण्याचा होता. ट्रम्पेट वाजवणाऱ्याच्या छातीतही प्रचंड दाब असतो, पण तो बाहेरून स्नायूंनी आवरलेला असतो.

त्याच सुमारास मिलानचे गॅटिनोनी एआरडीएसच्या रुग्णांचे सीटी स्कॅन बघत होते. सगळं फुप्फुस कडक झालंय अशी समजूत होती. स्कॅनमध्ये दिसलं की बराच भाग बंदच आहे आणि हवा घेणारा भाग जेमतेम पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या फुप्फुसाएवढा उरलाय. त्यांनी त्याला 'बेबी लंग' म्हटलं. मोठ्या माणसाचा श्वास आम्ही लहान मुलाच्या फुप्फुसात कोंबत होतो.

हे 'आम्ही' मी मुद्दाम लिहिलं. नव्वदच्या दशकात एमडी करताना सकाळच्या राउंडला रक्तातल्या वायूंचा रिपोर्ट हातात असायचा. कार्बन डायऑक्साइड ४० च्या वर दिसला की सर विचारायचे, "काय करणार?" आम्ही एका सुरात, "श्वास वाढवू." रिपोर्ट सुधारायचा, बरं वाटायचं. चार दिवसांनी त्या छातीत नळी घालून बाहेर फुटलेली हवा काढावी लागली, तर आजार वाईट होता असं म्हणायचो. होताच तो वाईट. पण तेवढंच नव्हतं.

न्यूझीलंडच्या हिकलिंग यांनी १९९० मध्ये उलटं केलं: श्वास लहान द्या, कार्बन डायऑक्साइड वाढला तर वाढू द्या. त्यांचे रुग्ण अपेक्षेपेक्षा कमी दगावले. पण पक्का पुरावा आला २००० साली, अमेरिकेतल्या ८६१ रुग्णांच्या चाचणीतून. अर्ध्यांना किलोमागे १२ मिली, अर्ध्यांना ६. मोठ्या श्वासाच्या गटात ३९.८ टक्के मृत्यू, लहान श्वासाच्या गटात ३१. फरक इतका स्पष्ट की चाचणी वेळेआधी थांबवली. आणि हे नीट वाचा: पहिल्या काही दिवसांत ऑक्सिजनचे आकडे मोठ्या श्वासाच्या गटातच जास्त चांगले होते. रिपोर्ट चांगला येत होता आणि माणसं जास्त मरत होती.

२०१३ मध्ये फ्रान्सच्या ग्वेराँ यांनी दाखवलं की गंभीर रुग्णांना रोज बरेच तास पालथं ठेवलं तर मृत्यू निम्म्यावर येतात. कोविडमध्ये तुमच्या माणसाला पालथं का झोपवलं होतं, त्याचं मूळ इथे आहे. पालथं केल्यावर ताण सगळ्या फुप्फुसावर वाटला जातो.

तरीही सवय लवकर सुटत नाही. २०१६ मध्ये ५० देशांच्या आयसीयूंचा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात एआरडीएसच्या तिघांपैकी एकाहून जास्त रुग्णांना अजून ८ मिलीपेक्षा मोठा श्वास दिला जात होता. एक कारण अगदी साधं आहे. हिशेब खऱ्या वजनावर करायचा नसतो, उंचीवरून काढलेल्या वजनावर करायचा असतो. माणूस जाड झाला म्हणून त्याचं फुप्फुस मोठं होत नाही. समजा १५५ सेंटिमीटर उंचीच्या, ८० किलोच्या काकू आहेत. जुन्या रिवाजाने त्यांना ९६० मिलीचा श्वास गेला असता. उंचीप्रमाणे त्यांचं वजन धरायचं ४८ किलो, आणि श्वास २८८ मिली.

म्हणून आयसीयूत तुमच्या माणसाला मशीनवर घेतल्यावर सिस्टर टेप घेऊन डोक्यापासून टाचेपर्यंत माप घेताना दिसल्या, तर चकित होऊ नका. आणि "ऑक्सिजन ९० वरच आहे, मशीन वाढवत का नाही?" असं विचारावंसं वाटलं तर जरूर विचारा. डॉक्टर बहुधा म्हणतील, "९० पुरेत, मुद्दाम वाढवत नाही."