वेलांटी आधी की अक्षर आधी?

शाळेचा वार्षिक अंक संगणकावर नीट जुळवून छापखान्याकडे पाठवावा आणि कच्च्या छापात प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसलेली दिसावी, हा अनुभव अनेक शिक्षकांच्या परिचयाचा असेल. अशा वेळी दोष सहसा छपाईयंत्राचा नसतो. खरा प्रश्न असा, की आपण छापखान्याकडे नेमके काय पाठवतो : अक्षर, की अक्षराचे चित्र? मुंबईतील मराठी मुद्रणाच्या इतिहासात या प्रश्नाची दोन्ही उत्तरे सापडतात.

पहिले उत्तर शिळाछापाचे. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मुंबईत मराठी पंचांग छापले ते या पद्धतीने. स्निग्ध शाईने काढलेला मजकूर गुळगुळीत दगडावर उतरवतात आणि दगड पाण्याने ओला करतात. नंतर लावलेली तेलकट शाई फक्त स्निग्ध भागालाच चिकटते. येथे संपूर्ण पान हे एकच चित्र असते. वळण हुबेहूब उतरते. मात्र त्यातील एखादे अक्षर उचलून दुसरीकडे वापरता येत नाही.

दुसरे उत्तर खिळ्यांचे. अमेरिकन मिशन प्रेसमध्ये थॉमस ग्रॅहॅम यांच्या देखरेखीखाली देवनागरी खिळे तयार होत. तेथेच लहान वयात काम शिकलेल्या जावजी दादाजी यांनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. गिरगावाला लागून असलेल्या काळबादेवीतील या छापखान्याची अक्षरे राणोजी रावजी आरू यांच्या हातची. पोलादी ठशावर अक्षर कोरायचे, तो ठसा तांब्यात ठोकून साचा करायचा आणि साच्यात शिसे, कथील व अँटिमनी यांचा मिश्रधातू ओतून खिळे पाडायचे, अशी ही रीत.

आता 'निर्णय' हाच शब्द घेऊ. खिळे जुळवणारा कामगार प्रथम वेलांटी घेई, मग न, मग रफारासह ण आणि शेवटी य. म्हणजे त्याचा क्रम डोळ्यांना दिसणारा होता. लेखकाकडून छापखान्यात फक्त हस्तलिखित जाई. अक्षराचा आकार छापखान्याच्या केशींत आधीच तयार असे, त्यामुळे तो वाटेत हरवण्याचा प्रश्नच नव्हता.

संगणकाने ही जोडी फोडली. संगणक मजकूर साठवतो तो अंकांच्या रूपात. आकार असतो फॉन्टमध्ये. नव्वदच्या दशकातील बहुतेक मराठी फॉन्टनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवले आणि क्रम ठेवला तो जुळाऱ्याचाच, दिसणारा. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी होती. त्यामुळे तो विशिष्ट फॉन्ट नसलेल्या संगणकावर मराठी पानाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन ढीग दिसे.

१९९१ साली 'इस्की' हे भारतीय मानक प्रसिद्ध झाले आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली. या दोहोंनी उच्चाराचा क्रम स्वीकारला : न, वेलांटी, र, हलन्त, ण, य. 'निर्णय'साठी असे सहा अंक पुरतात. वेलांटी पुढे नेणे आणि रफार ण वर चढवणे हे काम फॉन्टमधील नियम आणि संगणकप्रणाली मिळून करतात. असे नियम सामावणारी ओपनटाइप ही रचना १९९६ साली जाहीर झाली. मुंबईत घडलेले सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखलेला 'मंगल' हा त्या प्रकारचा फॉन्ट विंडोज २००० बरोबर घरोघरी पोहोचला. पानजुळणीच्या प्रणालीला हे नियम कळत नसतील, तर वेलांटी मागेच राहते आणि रफाराऐवजी पाय मोडलेला र दिसतो. आरंभीच्या तक्रारीचे एक मोठे कारण हेच.

मग छपाईची फाइल कशी द्यावी? १९९३ साली आलेल्या पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत करता येतो. हस्तलिखिताबरोबर खिळ्यांची केसही पाठवावी, तसेच हे. २००१ च्या पीडीएफ-एक्स-१ए या छपाईच्या मानकाने तर ते सक्तीचे केले. शिवाय रंगही पडद्याच्या तांबड्या-हिरव्या-निळ्यात न देता छपाईच्या शाईंत देण्याचे बंधन घातले. दुसरा मार्ग म्हणजे अक्षरांच्या बाह्यरेषा काढून त्यांचे चित्रच पाठवणे. त्यात वळण सुरक्षित राहते, पण शब्द शोधता वा सुधारता येत नाही. थोडक्यात, शिळाछापाचे गुणदोष जसेच्या तसे परत येतात! छायाचित्रे छापील आकारात इंचाला सुमारे ३०० बिंदूंची असावीत आणि पानाच्या कडेपर्यंत जाणारा रंग कापणीसाठी ३ मिलिमीटर बाहेर वाढवावा, हे दोन सर्वसाधारण नियमही ध्यानात ठेवावेत.

मात्र छापून झाले म्हणजे काम संपले, असे नाही. जुन्या फॉन्टमध्ये अडकलेले अंक आणि पुस्तिका तो फॉन्ट नाहीसा झाला की वाचणे कठीण होते. निर्णयसागरची जुनी पुस्तके आजही उघडून वाचता येतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या शालेय अंकाची फाइल मात्र कित्येकदा वाचता येत नाही. म्हणून छपाईसाठी पीडीएफ द्यावी आणि जतनासाठी युनिकोडमधील मूळ मजकूर वेगळा ठेवावा.

वर्गात एक प्रयोग करून पाहता येईल. 'निर्णय', 'कीर्ती', 'विद्यार्थी' हे शब्द फळ्यावर लिहावेत. अर्ध्या मुलांनी ते दिसण्याच्या क्रमाने सुटे करावेत, उरलेल्यांनी उच्चाराच्या क्रमाने. दोन्ही याद्या कोठे जुळतात आणि कोठे फुटतात ते पाहावे. जेथे त्या फुटतात, नेमके तेथेच छापखान्यात मराठी बिघडते.